पहिला व्हीआर हेडसेट घेताय? किमतीचा हिशेब आधी असा मांडा

घरात व्हीआर हेडसेट (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जगात फिरवणारा) दिसला की येणाऱ्या-जाणाऱ्याचे प्रश्न ठरलेले असतात. "केवढ्याला पडला?" आणि आकडा ऐकला की, "एवढे पैसे कशाचे भाऊ, चष्माच तर आहे!" जळगावात हे इतक्यांना समजावून सांगितलंय, की एकदाचं सगळं लिहून टाकतो.

माझं मत आधीच सांगतो. २०१६ मध्ये आजच्या पिढीचे जे पहिले हेडसेट आले त्यांची किंमत बनवणाऱ्याच्या बाजूने रास्त होती. आपल्याकडच्या घेणाऱ्याच्या हातात ते पडेपर्यंत मात्र ती रास्त उरत नव्हती. हा फरक नीट समजला तर आज नवा घ्यावा की जुना, आणि घ्यावा तरी का, हे ठरवणं सोपं जातं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या, हाताळून बघायला जवळ दुकान नसलेल्या माणसासाठी हे लिहितोय.

१. आधी हेडसेट नेमका कशासाठी हवाय ते ठरवा

फोन आत सरकवून डोक्याला बांधायचं खोकं आणि खरा हेडसेट, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचं कार्डबोर्ड आणलं. २०२३ च्या आयपीएलच्या वेळी जिओडाइव्ह १,२९९ रुपयांना आला. या दोन्हींत फोनला फक्त मान वळलेली कळते. तुम्ही पुढे वाकलात किंवा एक पाऊल टाकलंत तर ते त्याला कळत नाही, समोरचं दृश्य तुमच्याबरोबरच सरकतं आणि पोटात ढवळायला लागतं. अशा खोक्यावरून "व्हीआर म्हणजे चक्कर" असं ठरवू नका. मॉलमधल्या हलत्या खुर्चीवरूनही ठरवू नका.

फक्त सिनेमे बघायचे असतील तर हेडसेट घेऊ नका, त्या पैशात चांगला टीव्ही येतो. गेम खेळायचे असतील, घराचे आराखडे गिऱ्हाईकाला आत फिरवून दाखवायचे असतील, थ्रीडी शिकायचं असेल किंवा कॉलेजच्या लॅबसाठी हवा असेल, तर पुढे वाचा.

२. पहिल्या हेडसेटचे पैसे कशाचे होते?

जानेवारी २०१६ मध्ये ओक्युलस रिफ्टची किंमत जाहीर झाली, ५९९ डॉलर. त्या वेळच्या दराने साधारण ४०,००० रुपये. लोक भडकले. संस्थापक पामर लकीने आधी साधारण ३५० डॉलरच्या घरात किंमत असेल असा अंदाज दिला होता. नंतर त्याने कबूल केलं की ही गोष्ट आपण लोकांना नीट सांगितली नाही, पण रिफ्टवर आपण पैसे कमवत नाही हेही ठणकावून सांगितलं. एप्रिलमध्ये एचटीसी व्हाइव्ह आला, ७९९ डॉलरला. ऑक्टोबरमध्ये सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर ३९९ डॉलरला आला, त्यात कॅमेरा वेगळा घ्यायचा आणि प्लेस्टेशन (सोनीचं गेम खेळायचं यंत्र) तुमच्याकडे हवंच.

आता त्यात होतं काय? रिफ्ट आणि व्हाइव्ह दोन्हींत प्रत्येक डोळ्यासाठी स्वतंत्र ओएलईडी पडदा, १०८० गुणिले १२०० पिक्सेलचा. तेव्हाच्या बऱ्या फोनमध्येही एवढे पिक्सेल होते, मग वेगळं काय? फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलायचा, हा ९० वेळा. म्हणजे प्रत्येक चित्राला जेमतेम ११ मिलिसेकंद. त्यातही चित्र क्षणभर उजळून लगेच काळं व्हायला हवं, नाहीतर मान वळवताना सगळं फराटतं. मान हलल्यापासून नवं चित्र दिसेपर्यंतचा वेळ साधारण २० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा लागतो. त्याच्या वर गेलं की मेंदू आणि पोट यांचं भांडण सुरू. त्यासाठी सेन्सर, भिंगं, खोलीत ठेवायचे कॅमेरे किंवा लेझरच्या पेट्या, आणि या सगळ्याची मोट बांधणारं सॉफ्टवेअर लागलं. घेणारे थोडे, त्यामुळे हा संशोधनाचा खर्च थोड्याच नगांवर पडला.

१९८०-९० च्या काळात व्हीपीएल रिसर्च नावाची कंपनी आयफोन (अ‍ॅपलचा नव्हे, डोळ्यांवर बांधायचा) विकायची, त्याची किंमत ९,००० डॉलरच्या वर होती. ते बघता ५९९ डॉलर ही पडलेलीच किंमत म्हणायची. ती पडली ती मोबाइलमुळे. पडदे आणि तोल ओळखणाऱ्या चिप फोनसाठी कोट्यवधींनी बनायला लागल्या आणि स्वस्त झाल्या.

आता उलट बाजू. आजचे हेडसेट स्वस्त वाटतात, २०२० मधला क्वेस्ट २ तर २९९ डॉलरला आला. पण या स्वस्ताईचा बराच भार तो बनवणारी मेटा कंपनी (फेसबुकवाली, ओक्युलसही तिचीच) स्वतः उचलते. तिच्या रिअ‍ॅलिटी लॅब्ज विभागाचा तोटा २०२१ मध्ये १,००० कोटी डॉलरच्या वर होता, २०२३ मध्ये १,६०० कोटींच्या. त्यात पुढच्या संशोधनाचा खर्चही आहे, सगळा तोटा हेडसेटचा नाही. तरी ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच क्वेस्ट २ ची किंमत त्यांनी १०० डॉलरने वाढवली होती, हे विसरू नका. सबसिडी देणारा कधीही हात आखडता घेऊ शकतो. तिकडे अ‍ॅपलने २०२४ मध्ये व्हिजन प्रो आणला तो ३,४९९ डॉलरला. म्हणून "२०१६ मध्ये लुटलं" असं मला वाटत नाही. तेव्हाची किंमत खऱ्या खर्चाच्या जवळ होती. आजची बरीचशी कंपनीने स्वतःच्या खिशातून कमी केलेली आहे, आणि ती तूट कंपनी पुढे गेम विकून भरून काढायला बघते.

३. खर्चाची वही: पाटीवरचा आकडा धरू नका

घोडं पेंड खातं ते इथे. रिफ्ट ५९९ डॉलरचा, पण त्याला कॉम्प्युटर लागायचा आय५-४५९० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ९७० किंवा त्या ताकदीचं ग्राफिक्स कार्ड असलेला. असा तयार कॉम्प्युटर तेव्हा साधारण हजार डॉलरचा. हातात धरायचे टच कंट्रोलर सुरुवातीला नव्हतेच, डिसेंबर २०१६ मध्ये आले, आणखी १९९ डॉलर. बेरीज करा, लाखाच्या पार.

आपल्याकडे त्यावर आणखी एक मजला चढायचा. रिफ्ट ज्या २० देशांत पहिल्यांदा निघाला त्यांत भारत नव्हता. व्हाइव्ह २०१७ मध्ये भारतात अधिकृत आला तो ९२,९९० रुपयांना. तिकडच्या ७९९ डॉलरचे तेव्हा ५२,००० च्या आसपास रुपये होत होते. मधली ४० हजारांची दरी कर, वाहतूक आणि वितरकांची. सुरुवातीला मी "बनवणाऱ्याच्या बाजूने" म्हटलं ते यासाठी.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला हे सांगावं लागत नाही. टिश्यू कल्चरचं रोप कंदापेक्षा महाग असतं, तरी तो घेतो, कारण बाग एकसारखी निघते. पण ठिबक, खत आणि पाणी यांची तजवीज नसताना नुसतं महागडं रोप आणून लावलं तर पैसे मातीत. हेडसेटचंही तसंच.

तुमच्या वहीत या ओळी असू द्या:

- हेडसेटची हातात पडेपर्यंतची किंमत, कर आणि कुरियरसकट
- कॉम्प्युटरवर चालणारा असेल तर ग्राफिक्स कार्ड, आणि गरज पडली तर नवा पॉवर सप्लाय
- ५ गिगाहर्ट्झचा राऊटर आणि कॉम्प्युटरपर्यंत लॅनची वायर (कॉम्प्युटरवरचा गेम बिनवायरने हेडसेटवर खेळायचा असेल तर. फोनच्या हॉटस्पॉटवर ते नीट जमत नाही)
- बरा डोक्याचा पट्टा. सोबत येणारा कापडी पट्टा अर्ध्या तासात गालांवर वळ उठवतो, हेडसेटचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं
- पहिल्या वर्षाचे गेम किंवा अ‍ॅप
- चष्मा असेल तर नंबरची भिंगं किंवा स्पेसर (आत चष्म्यापुरती जागा करणारी चौकट)

आजच्या बहुतेकांनी कॉम्प्युटरची ओळ सरळ खोडावी, असं माझं म्हणणं आहे. कॉम्प्युटरशिवाय चालणारे हेडसेट आता मिळतात, २०१९ मधला पहिला क्वेस्टही तसाच होता. क्वेस्ट ३ एस २०२४ मध्ये २९९ डॉलरला आला. क्वेस्ट ३ (२०२३, ४९९ डॉलर) ची भिंगं आणि पडदा त्याहून स्पष्ट आहेत. दिवसभर बारीक अक्षरं वाचायची असतील तर क्वेस्ट ३ घ्या, नुसते गेम खेळायचे तर ३ एस भरपूर झाला.

४. घ्यायचा कुठून?

पहिलं काम: तिकडची डॉलरमधली किंमत आजच्या दराने गुणा आणि इथे मागितलेली किंमत शेजारी लिहा. ऑनलाइन बाजारात खासगी आयातदार हेडसेट विकतात. फरक कर आणि वाहतुकीला धरून पटण्यासारखा असेल तर ठीक. दुप्पट असेल तर सोडून द्या.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या दुकानात कुणी "मागवून देतो" म्हणालं तर तीन गोष्टी विचारा. पक्कं बिल मिळेल का? खराब निघाला तर बदलून कोण देणार, तुम्ही की कंपनी? आणि नग कोणत्या देशासाठी बनलेला आहे? मला एकाने छातीठोकपणे "इंटरनॅशनल वॉरंटी" सांगितली होती. बिलावर तेवढं लिहून द्या म्हटलं तर विषय बदलला. मग मीही दुकान बदललं.

अमेरिकेतला किंवा दुबईतला आतेभाऊ येताना आणणार असेल तर बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त तेच पडतं. त्याला सांगा, बिल जवळ ठेव आणि प्रवासी सामानाची शुल्कमुक्त मर्यादा निघायच्या आधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघून घे. ही मर्यादा बदलत असते, गेल्या वेळचा आकडा धरून चालू नका. त्याच भावाला कुरियरने पाठवायला सांगितलंत तर सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) तुमच्या माथी, आणि मग स्वस्ताई संपली. चार्जरची पिन वेगळी असली तर घाबरू नका, त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर साधा पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो.

ऑफिससाठी घेत असाल आणि जीएसटी नंबर असेल तर बिलावर तो टाकून घ्या.

५. जुना घेताना

ओएलएक्सवर आठ-दहा हजारांत हेडसेट दिसतात आणि हात शिवशिवतो. पण यातले बरेच मेलेले घोडे आहेत.

*विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीवाले* (लेनोवो एक्सप्लोरर, डेल व्हायजर, एचपी रिव्हर्ब): विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने त्यांचा आधारच काढून टाकला. विकणारा "जुन्या विंडोजवर चालतो" म्हणेल. ते खरं असेलही, पण तुमचा कॉम्प्युटर जुन्यावर किती दिवस ठेवणार?

*सॅमसंग गिअर व्हीआर, गूगल डेड्रीम, ओक्युलस गो*: फुकट मिळाले तरच घ्या. *पहिला क्वेस्ट*: त्याला नवं काही मिळणं थांबलंय.

*पहिला रिफ्ट*: चित्र छान, पण त्याची खास केबल आता बनत नाही. वेटोळे पडून ती तुटली की हेडसेट संपला.

*पहिला व्हाइव्ह*: जुन्यांत मला हाच त्यातल्या त्यात भरवशाचा वाटतो, स्टीमव्हीआर या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरवर अजून चालतो. मात्र त्याला समोरासमोरच्या कोपऱ्यांत उंचावर लेझरच्या दोन पेट्या बसवाव्या लागतात. दोन पेट्यांचे दोन आणि हेडसेट कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचा एक, असे तीन प्लग लागतात. जुन्या घरात तीन प्लग तीन ठिकाणी कुठून आणणार, हे आधी बघा.

मॉडेल चालण्यासारखं असेल तर पुणे, नाशिक, सुरत, कुठेही असो, स्वतः जाऊन बघा. नंदुरबार-धुळेवाल्यांना सुरत तशीही जवळ. जाताना हे सोबत न्या: मायक्रोफायबर कापड, मिलिमीटरची पट्टी, तुमचा फोन (हेडसेटचं अ‍ॅप टाकून, खातं उघडून), नव्या बॅटऱ्या, आणि कॉम्प्युटरवाला हेडसेट असेल तर चालणारा लॅपटॉप.

तिथे हे बघा:

पूर्ण पांढरं चित्र लावा आणि प्रत्येक डोळा वेगळा मिटून बघा. पिवळसर किंवा रंग उडालेले ठिपके, रेघा दिसल्या तर तो नग उन्हाने भाजलाय. भिंगावर बोट फिरवू नका, उजेडाकडे तिरपं धरून ओरखडे बघा. कंट्रोलरची अंगठ्याने हलवायची काडी सोडल्यावर खेळातला माणूस आपोआप सरकत असेल तर काडी गेलेली आहे. किमान वीस मिनिटं सलग चालवा, गरम झाल्यावरच खोड दिसते. शेवटी विकणाऱ्याकडून त्याच्या खात्यातून तो काढून घ्या, तुमच्यासमोर फॅक्टरी रिसेट करा आणि तुमच्या खात्याला तिथेच जोडून बघा.

"५० गेम फ्री" या जाहिरातीला भुलू नका. गेम खात्याला चिकटलेले असतात, हेडसेटला नाही. तो एक तर स्वतःचं खातं देतोय, जे उद्या परत घेईल, किंवा चोरीचे गेम भरून देतोय.

कागद म्हणून मूळ बिलाची प्रत, खोक्यावरचा आणि हेडसेटवरचा सिरीयल नंबर जुळल्याचा फोटो, आणि दोन ओळींची सही केलेली पावती घ्या. बघायच्या आधी यूपीआयने टोकन मागणाऱ्याला नमस्कार करा.

६. ऊन, पंखा आणि बंगई

हेडसेटची भिंगं उलट्या बाजूनेही भिंगंच असतात. उन्हात तोंड वर करून ठेवला तर सूर्याचा ठिपका सरळ पडद्यावर पडतो आणि पडदा जळतो, त्याला काही मिनिटं पुरतात. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हाच असं होतं असं नाही, डिसेंबरच्या कोवळ्या उन्हातही होतं. भुसावळच्या एका मित्राने हेडसेट टेबलावर ठेवला तेव्हा तिथे सावली होती. दुपारी खिडकीतून ऊन सरकत आलं. आता त्याला प्रत्येक खेळात डाव्या डोळ्यासमोर सुईएवढ्या पिवळ्या ठिपक्यांची वाकडी रांग दिसते, जशी ऊन सरकलं तशी. तेव्हा काढला की पिशवीत, आणि पिशवी कपाटात. उन्हाळ्यात गाडीत तर अजिबात ठेवायचा नाही, भिंगाबरोबर बॅटरीचाही जीव जातो. आणि गच्चीवर खेळायचं नाव काढू नका. ऊन, उघडा कठडा आणि डोळ्यांवर पट्टी, तिन्ही एकत्र नकोत.

खेळायला दोन मीटर गुणिले दोन मीटर मोकळी जागा लागते. आपल्याकडे मधल्या खोलीत बंगई, म्हणजे झोपाळा, टांगलेली असते. ती नुसती बाजूला ढकलून चालत नाही, कड्यांतून काढून ठेवा, नाहीतर झुलत परत येते आणि तुम्हाला ती दिसणार नसते. छत बुटकं असेल तर पंखा बंद. तलवार उगारल्यासारखा हात वर गेला की कंट्रोलर पात्याला लागतो. मग गरमीचं काय? कूलर लावा, पण त्याचा झोत हेडसेटवर येऊ देऊ नका, त्या ओल्या हवेने भिंगांवर बाष्प धरतं. चेहऱ्याला लागणारा फोमचा भाग घामाने महिन्याभरात आंबूस वास मारायला लागतो. त्यावर पुसता येईल असं रेक्झिनसारखं आवरण घाला, पाहुण्यांना घालायला देतानाही तेच बरं.

लाईटचं म्हणाल तर कॉम्प्युटरला यूपीएस हवाच. कॉम्प्युटरशिवाय चालणारा क्वेस्ट लाईट गेली तरी दोनेक तास बॅटरीवर चालतो, त्याच्या बाजूने हाही एक गुण.

७. पहिला आठवडा

आरशासमोर पट्टी धरून दोन बुबुळांमधलं अंतर मोजा. मोठ्यांचं साधारण ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण तुमचं ५८ असू शकतं किंवा ७०. क्वेस्ट २ आणि ३ एस मध्ये भिंगं ५८, ६३, ६८ अशा तीनच जागी बसतात. तुमचा आकडा त्यांपासून फार लांब असेल तर चित्र कायम किंचित धूसर राहील आणि डोकं दुखेल. विकत घ्यायच्या आधी मोजलेलं उत्तम.

सुरुवातीला उभं राहून खेळायचे, आपण एकाच जागी असतो असे खेळ घ्या. गाडी, विमान नंतर. मळमळल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी काढा. "सवय होईल" म्हणून ताणलंत तर हेडसेट बघूनच नको वाटायला लागतं.

मुलांच्या वयाची अट पाळा. मेटाची मर्यादा १० वर्षांची आहे, आणि १३ च्या आतल्या मुलांचं खातं पालकांच्या ताब्यात हवं.

गेम आवडला नाही तर स्टीम (कॉम्प्युटरवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) आणि मेटा दोन्हीकडे घेतल्यापासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. म्हणून नवा गेम घेतला की पहिल्याच दिवशी खेळून बघा.

८. वसूल होतो का?

धरा, सगळा मिळून ४०,००० खर्च आला आणि वर्षाने १८,००० ला विकला. गेले २२,०००. आठवड्याला तीन तास वापरला तर वर्षाचे साधारण १५० तास, म्हणजे तासाला १४७ रुपये. दोन महिन्यांत हौस फिटून माळ्यावर गेला तर २४ तास, तासाला ९०० च्या वर. कुणी "महाग आहे का हो?" विचारलं तर मी उलट विचारतो, आठवड्याला किती तास बसणार? खरा आकडा सांगा, पहिल्या पंधरवड्यातला नको.

घरात दोघं-तिघं वापरणार असतील, किंवा इंटिरिअरच्या गिऱ्हाईकाला स्वयंपाकघर आतून दाखवून एखादं काम पक्कं होणार असेल, तर हिशेब पटकन जमतो. एकट्याने, कर्ज काढून, ईएमआयवर घेणार असाल तर थांबा. क्वेस्ट २ सारखा अपवाद सोडला तर किमती बहुतेक वेळा खालीच येतात. रिफ्ट आणि टच मिळून मार्च २०१७ मध्ये ५९८ डॉलरला आले, त्याच उन्हाळ्यात सेलमध्ये ३९९ ला. वर्ष-दीड वर्ष दम धरणाऱ्याला कॉम्प्युटर सोडून निम्म्या किमतीत तीच वस्तू मिळाली.

क्वेस्ट २ आणि ३ एस मेटाने सप्टेंबरमध्ये जाहीर केले, क्वेस्ट ३ जूनमध्ये जाहीर झाला तरी त्याची पूर्ण माहिती सप्टेंबरमध्येच दिली. नवा आला की जुन्याचा भाव पडतो. विकायचा असेल तर पोळ्याच्या आधी जाहिरात टाका, जुना घ्यायचा असेल तर दिवाळीपर्यंत थांबा. आणि विकताना खोकं, बिल, केबल, दोन्ही कंट्रोलर एका फोटोत दाखवा, भिंगांचा जवळून एक फोटो वेगळा काढा, सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे झाका.